गोठलेले शीतक : मोटारगाडीच्या इंजिनावरील हिवाळी संकट आणि त्यामागील विज्ञान

गोषवारा

अतिथंड प्रदेशात मोटारगाडीच्या इंजिनातील शीतक गोठणे ही वरवर पाहता हवामानाची आपत्ती वाटते. प्रत्यक्षात ती रेडिएटरमध्ये कोणता द्रव आहे, यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात शीतक गोठण्याची कारणमीमांसा, त्यामुळे इंजिनास होणाऱ्या इजेचे स्वरूप, गोठलेल्या इंजिनाबाबत करावयाची कार्यवाही आणि प्रतिबंधक मिश्रणामागील रसायनशास्त्र यांचे विवेचन केले आहे. विवेचनासाठी हिवाळ्यात लाहौल, स्पिती व लडाख या भागांत जाणाऱ्या महाराष्ट्रातील वाहनांचा संदर्भ घेतला आहे.

बीजसंज्ञा : शीतक, गोठणबिंदूचे अवनमन, एथिलीन ग्लायकॉल, अप्रकट उष्मा, पाण्याचे असंगत आचरण.

प्रस्तावना

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि हिवाळ्याचे कित्येक महिने मनालीपासून तुटणारे लाहौलचे खोरे रस्त्याने जोडले गेले. तत्पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की मैदानी प्रदेशातून आलेल्या खाजगी वाहनास पुढे वाटच नसे. खिंडीचे बंद होणे ही एका अर्थी त्या वाहनांची सुरक्षाच होती. आता डिसेंबर-जानेवारीतही सिस्सू व केलाँगपर्यंत पर्यटकांच्या मोटारी पोहोचतात, किन्नौरच्या बाजूने काही धाडसी मंडळी काझाही गाठतात, आणि या गाड्यांत 'एमएच'ने सुरू होणारे क्रमांकही असतात. मुक्कामाच्या रात्री तापमान उणे १० ते उणे २० अंश सेल्सिअस असणे ही तेथे नित्याची बाब होय.

महाराष्ट्रातील वाहनचालकाची इंजिनाविषयीची सारी भीती उष्णतेची आहे. कसारा किंवा खंबाटकीच्या घाटात मे महिन्यात गाडी 'गरम' होणे, बॉनेट उघडून ती निववणे, शेजारच्या ओढ्यावरून बाटलीभर पाणी आणणे हा आपल्याकडील पिढीजात अनुभव. आपली भाषाही तेच सांगते. कारखान्यातून नव्या गाडीत रीतसर शीतक भरून येते. तरी गॅरेजात आपण 'पाणी बघा' असेच म्हणतो, आणि पाणी बघणारा मुलगा कमी पडलेल्या जागी नळाचे पाणीच घालतो. दख्खनच्या हवामानात या सवयीची शिक्षा सावकाश मिळते, ती गंज आणि क्षार यांच्या रूपाने. केलाँगला ती एका रात्रीत मिळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे हिमकण दिसतात. निफाडच्या परिसरात पारा उतरला की द्राक्षबागायतदार बागांत शेकोट्या पेटवतात. तथापि अशा रात्री उभ्या गाडीचा रेडिएटर गोठत नाही. गवताच्या पात्यावरचा दवाचा थेंब आणि शंभरेक किलो धातूने वेढलेले पाच-सहा लिटर पाणी यांत फरक आहे. पहाटेचे दोन तास तापमान शून्याला स्पर्शून जाणे त्या पाण्याला गोठवण्यास पुरेसे नसते. त्यामुळे या विषयाचा आपल्या भूमीवर अनुभव नाही, आणि म्हणूनच त्याची माहितीही नाही.

पाणी गोठते तेव्हा

पाण्याचे असंगत आचरण हा माध्यमिक शाळेच्या अभ्यासक्रमातील पाठ. होपचे उपकरण, ४ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वाधिक असणे, तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी खाली मासे जिवंत राहणे, एवढे बहुतेकांच्या स्मरणात असते. परीक्षेनंतर या ज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे एक उत्तर इंजिनाच्या ठोकळ्यात दडलेले आहे.

बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९२ पट असते. म्हणजेच गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. मध्यम आकाराच्या मोटारीच्या शीतनव्यवस्थेत सहा लिटर पाणी आहे असे धरल्यास ते पूर्णतः गोठल्यावर अर्ध्या लिटरहून थोडी अधिक जास्तीची जागा मागते. रबरी होज पाइप थोडेफार फुगू शकतात, प्रसरण टाकीत काही रिकामी जागा असते. परंतु सिलिंडरांभोवतीच्या जलमार्गाच्या भिंती ओतीव लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असतात. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. आतून ढकलल्यावर ते वाकत नाही, तडकते.

येथे सहसा एक गैरसमज आढळतो. बर्फ जेथे तयार होतो तेथेच भिंत फुटते, असे मानले जाते. वस्तुतः बर्फाच्या दोन गुठळ्यांच्या मध्ये अद्याप द्रवरूप असलेले पाणी कोंडले गेले, तर वाढणाऱ्या बर्फाचा सारा दाब त्या कोंडलेल्या पाण्यावर येतो, आणि तो दाब सर्वांत दुबळी जागा शोधतो. म्हणून रेडिएटर तळाशी गोठलेला असताना गळती मात्र वॉटर पंपापाशी आढळू शकते. पाण्याला प्रसरणास अजिबात वाव न देता उणे २२ अंशांपर्यंत थंड केले, तर तत्त्वतः हा दाब वातावरणाच्या दोन हजार पटींपर्यंत पोहोचू शकतो. असा दाब झेलण्यासाठी मोटारीचा कोणताच भाग घडवलेला नसतो.

इंजिनाच्या ठोकळ्याच्या बाजूस पत्र्याच्या वाटीसारख्या गोल चकत्या ठोकून बसवलेल्या दिसतात. आपल्याकडील कारागीर त्यांना 'वेल्श प्लग' म्हणतात. पाणी गोठले की त्या बाहेर ढकलल्या जाऊन ठोकळा वाचावा यासाठीच त्यांची योजना आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. ओतकामाच्या वेळी आतील पोकळीसाठी वापरलेली वाळू बाहेर काढण्यासाठी ही छिद्रे ठेवावी लागतात, आणि नंतर ती बुजवली जातात. गोठताना त्या चकत्या कधीकधी निसटतात व ठोकळा बचावतो, हा केवळ योगायोगाचा लाभ होय. त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

थंड इंजिन तापते कसे

शीतक गोठल्याची हानी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा रात्री, गाडी उभी असताना. दुसरा सकाळी, मालक किल्ली फिरवतो तेव्हा. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरा टप्पा अधिक शोचनीय आहे, कारण तो सर्वस्वी टाळता येण्याजोगा असतो.

निरोगी इंजिनात वॉटर पंप शीतकाला ठोकळ्यातून व सिलिंडर हेडमधून फिरवतो. मेणाच्या प्रसरणावर चालणारा थर्मोस्टॅट इंजिन थंड असताना रेडिएटरकडील वाट बंद ठेवतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान ती उघडू लागतो. आता समजा शीतक गोठलेले किंवा बर्फाच्या चुऱ्यासारखे घट्ट झाले आहे. चालकाने सेल्फ मारला. पंपाचा पंखा बर्फात रुतलेला असल्याने पट्टा घसरतो व किंचाळतो. पट्टा तुटतो किंवा पंपाचे सील जाते. पंप कसाबसा फिरलाच, तरी प्रवाह नसतो. ज्वलनाची उष्णता मात्र पहिल्या मिनिटापासून निर्माण होऊ लागते. सिलिंडर हेडजवळचा बर्फ वितळतो, ते थोडेसे पाणी जागच्या जागी उकळते, वाफ होते. आणि दोन हातांवर असलेला रेडिएटर दगडासारखा गोठलेलाच राहतो. उणे १५ अंशांच्या सकाळी इंजिन अतितप्त होऊन हेड गॅस्केट उडते, हेड वाकते. तापमापकाचा काटाही अशा वेळी विश्वासार्ह नसतो, कारण त्याचा संवेदक वाहत्या द्रवाचे तापमान मोजण्यासाठी बसवलेला असतो. द्रवच नसेल किंवा वाहत नसेल तर तो खोटे समाधान देतो.

याहून विस्मयकारक प्रकार धावत्या गाडीत घडतो. इंजिन पुरते तापण्यापूर्वी थर्मोस्टॅट बंद असतो. म्हणजे रेडिएटरमध्ये गरम द्रव जातच नाही, आणि समोरून मात्र गोठवणारा वारा त्याच्या पातळ नळ्यांवर आदळत असतो. मिश्रण दुबळे असल्यास इंजिन चालू असताना, गाडी रस्त्यावर असताना, रेडिएटर गोठू शकतो. नंतर थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा पुढची वाट बंद झालेली असते. थंड प्रदेशातील ट्रकचालक रेडिएटरच्या तोंडावर गोणपाट, पुठ्ठा किंवा गोधडीसारखे आच्छादन बांधतात. त्यामागील कारण हेच होय. (वारा वस्तूला हवेच्या तापमानाखाली नेत नाही, तो थंड होण्याचा वेग तेवढा वाढवतो, 'वाऱ्यामुळे जाणवणारे तापमान' हे माणसाच्या कातडीसाठी आहे, रेडिएटरसाठी नव्हे.)

आपल्याकडील काही गॅरेजांत 'इंजिन थंड राहावे' म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची प्रथा आहे. उष्ण प्रदेशातही ती समर्थनीय नाही, आणि थंड प्रदेशात तर त्या गाडीचे इंजिन कधीच योग्य तापमानास पोहोचत नाही व प्रवाशांना हीटरची ऊबही मिळत नाही.

मिठाचा धडा आणि ग्लायकॉलचा इतिहास

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पॉटचे आईस्क्रीम करताना लाकडी बादलीत बर्फाबरोबर खडेमीठ घालतात, हे अनेक वाचकांनी पाहिले असेल. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, बर्फ वितळू लागतो, वितळताना उष्णता शोषतो, आणि आतील दूध शून्याच्याही खाली जाते. द्रावणात विरघळलेल्या कणांच्या संख्येनुसार गोठणबिंदूचे अवनमन होते, हा संबंध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ राऊल्ट यांनी १८८० च्या दशकात प्रस्थापित केला. मिठाचे द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. मग रेडिएटरमध्ये मीठच का घालू नये? कारण ते लोखंड व ॲल्युमिनियम दोन्ही खाते. रेडिएटर गोठण्यापासून वाचेल, पण गंजून जाईल.

आरंभीच्या मोटारींत पाण्यात अल्कोहोल मिसळत असत. ते गोठत नसे. परंतु इंजिन तापले की उडून जाई, त्यामुळे दर काही दिवसांनी पुन्हा भरावे लागे. ज्यांना हे परवडत नसे ते रात्री रेडिएटरची तोटी उघडून पाणी सोडून देत व सकाळी गरम पाणी भरत. या दोन्ही अडचणींवरील उत्तर तोवर प्रयोगशाळेत अनेक दशके पडून होते. शार्ल-आदोल्फ व्युर्त्झ यांनी एथिलीन ग्लायकॉल १८५६ मध्ये प्रथम तयार केले होते. मोटारींचे शीतकरोधक म्हणून ते बाजारात आले १९२० च्या दशकात. या द्रवाचा उत्कलनबिंदू सुमारे १९७ अंश असल्याने तो उडून जात नाही. त्याच्या रेणूतील दोन हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडतात आणि बर्फाची षटकोनी जाळी जुळू देत नाहीत.

ग्लायकॉल चांगले, म्हणून शुद्ध ग्लायकॉल सर्वांत चांगले, हा तर्क मात्र फसवा आहे. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांनाच गोठते. पाणी शून्याला गोठते, ग्लायकॉल उणे १३ ला, आणि दोहोंचे समभाग मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास. म्हणजे दोन्ही घटकांपेक्षा मिश्रण कितीतरी सरस. आदर्श द्रावणाचे सूत्र लावून आकडेमोड केली, तर एक लिटर पाण्यात एक लिटर ग्लायकॉल घातल्यावर साधारण ३३ अंशांचे अवनमन अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ते याहून काहीसे अधिक असते, कारण इतके संहत द्रावण आदर्श राहत नाही. ग्लायकॉलचे प्रमाण ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान नेल्यास गोठणबिंदू उणे ५० च्याही खाली जातो, त्यापुढे तो पुन्हा वर चढू लागतो.

जास्त ग्लायकॉलचा दुसरा तोटा उष्णतेचा. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता इतकी मोठी आहे की त्यात काहीही मिसळले तरी नुकसानच होते. समभाग मिश्रण तेवढ्याच वस्तुमानाच्या पाण्यापेक्षा सुमारे पंधरा ते वीस टक्के कमी उष्णता वाहून नेते. शिवाय सामान्य तापमानाला शुद्ध ग्लायकॉलची विष्यंदिता पाण्याच्या पंधरा पटींहून अधिक असते. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनांत आरंभी शुद्ध ग्लायकॉल वापरत. पुढे ते सोडून ७० भाग पाणी व ३० भाग ग्लायकॉल असे दाबाखालील मिश्रण स्वीकारले गेले. तज्ज्ञ अभियंत्यांनाही ही पायरी अनुभवाने चढावी लागली.

उंचीच्या संदर्भात ग्लायकॉलचा आणखी एक गुण दुर्लक्षून चालणार नाही. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते. रेडिएटरच्या झाकणातील रबर सैल पडून दाब टिकत नसेल, तर साध्या पाण्यावर चालणारे इंजिन थर्मोस्टॅट पुरता उघडण्याच्या सुमारासच उकळू लागेल. रात्री गोठणारा आणि दुपारी चढावर उकळणारा तोच द्रव, अशी त्या चालकाची दुहेरी कोंडी होते. समभाग मिश्रण मात्र समुद्रसपाटीला सुमारे १०७ अंशांना उकळते, आणि उंचीवर हा फरक अंगावर घेण्यास त्याच्यापाशी पुरेसा अवकाश असतो.

दुबळे मिश्रण एकदम दगडासारखे होत नाही. कुल्फी जशी निव्वळ बर्फासारखी कडक न होता चावता येते, तसाच येथे प्रथम शुद्ध पाण्याचा बर्फ वेगळा होऊन त्याचे स्फटिक तरंगू लागतात व उरलेला द्रव अधिकाधिक संहत होतो. असा लगदा ठोकळा सहसा फोडत नाही. पण पंपाला तो फिरवता येत नाही. 'फुटण्यापासून संरक्षण' आणि 'गोठण्यापासून संरक्षण' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शीतकाची बाटली वाचताना लक्षात ठेवावे.

गोठल्याची शंका आल्यास

पहिला नियम : सेल्फ मारू नये. बॉनेट उघडून प्रसरण टाकीकडे पाहावे. आतला द्रव गाडी हलवल्यावर हलत नसेल, वर बर्फाचा थर असेल, वरचा किंवा खालचा होज पाइप दाबल्यावर काठीसारखा कडक लागत असेल वा आत चुरा दाबल्यासारखा कुरकुर आवाज येत असेल, तर निदान झाले. डिझेल गाडी केवळ सुरू होत नाही म्हणून शीतकाला दोष देण्याची घाई करू नये. थंडीत डिझेलमधील मेण साखळून इंधनाची वाट अडते, ही निराळी व्याधी आहे. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उपलब्ध केले, ते याच कारणास्तव. गाडीच्या टाकीत मैदानातले डिझेल शिल्लक असेल, तर दोन्ही व्याधी एकाच सकाळी भेटू शकतात.

इंजिन चुकून सुरू झालेच आणि हीटरमधून काही मिनिटांनीही थंड हवाच येत असेल, पट्टा किंचाळत असेल किंवा काटा झपाट्याने चढत असेल, तर तत्काळ बंद करावे. 'थोडे चालू ठेवले की आपोआप वितळेल' हा सल्ला देणारे सर्वत्र भेटतात. तो ऐकू नये.

वितळवण्यास किती उष्णता लागते, याचा हिशेब उद्बोधक आहे. सहा किलो बर्फ उणे १० अंशांवर आहे असे मानू. त्याला शून्यापर्यंत आणण्यास सुमारे १२६ किलोज्यूल पुरतात. मात्र शून्याला असलेल्या बर्फाचे शून्याला असलेले पाणी करण्यासाठी प्रतिकिलो ३३४ याप्रमाणे सुमारे २,००० किलोज्यूल लागतात. अप्रकट उष्मा म्हणजे काय ते येथे कळते. लेहच्या मुक्कामी किटलीत उकळलेले दोन लिटर पाणी ८८ अंशांवरून शून्यापर्यंत निवताना सुमारे ७३५ किलोज्यूल देते, आणि तीही सर्वच्या सर्व बर्फाला मिळाली तर. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश जमिनीवर वाहून जाते. म्हणजे किटल्या ओतून इंजिन वितळवणे हा जवळजवळ निष्फळ उद्योग. त्यात उकळते पाणी गोठलेल्या ओतीव धातूवर टाकल्यास एकाच बाजूच्या आकस्मिक प्रसरणाने तडा जाण्याचा धोका निराळाच. ओतलेले पाणी थोड्या वेळाने पट्ट्यावर आणि तारांवर पुन्हा गोठते, ते वेगळे.

पर्याय उरतो तो संथ, सर्व बाजूंनी मिळणाऱ्या उबेचा. गाडी न सुरू करता ढकलून किंवा ओढून बंदिस्त व उबदार जागेत नेणे सर्वोत्तम. तेथेही पूर्ण वितळण्यास कित्येक तास, प्रसंगी पूर्ण दिवस द्यावा लागतो. अशी जागा नसेल तर गाडीचे तोंड उन्हाकडे करावे, बॉनेटवर जाड रजई टाकावी, होज पाइपांवर गरम पाण्याच्या रबरी पिशव्या बांधाव्यात. वीज उपलब्ध असल्यास ठोकळ्यास लावावयाचा विद्युत तापक उपयुक्त ठरतो. पाचशे वॉटचा तापक वरील बर्फासाठी, उष्णता वाया न गेल्यास, सव्वा तासाच्या आसपास वेळ घेईल. भोवतालचा धातू आणि बाहेर निसटणारी उष्णता धरता त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ गृहीत धरावा. गाडीखाली शेकोटी पेटवण्याचा उपाय ट्रकचालक करताना दिसतात; आधुनिक मोटारीच्या पोटाशी प्लास्टिकच्या नळ्या, तारा आणि इंधनवाहिन्या असतात, तेव्हा त्याचे अनुकरण करू नये. बंद पडवीत सिगडी किंवा दुसऱ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून ऊब आणण्याचा प्रयत्न तर जीवघेणा आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सर्व बर्फ वितळल्यावरच खरी तपासणी सुरू होते, कारण बर्फ असेपर्यंत तडा बुजलेला असतो. गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवून थेंब पडतात का ते पाहावे. रेडिएटरच्या टाक्या, होजचे क्लॅम्प, वॉटर पंपाचे तोंड व वेल्श प्लग यांवरून हात फिरवावा. इंजिन ऑइलची पट्टी काढून ऑइल दुधाळ झाले आहे का ते बघावे. तसे असल्यास पाणी ऑइलमध्ये उतरले आहे व गाडी सुरू न करता टोइंगने कारागिरापर्यंत न्यावी. सारे ठीक असल्यास पातळी पूर्ण करावी, हीटर कमाल तापमानावर ठेवून इंजिन मंदगतीने चालवावे आणि हीटरमधून गरम हवा येईपर्यंत जागचे हलू नये. वितळलेला द्रव तसाच ठेवून 'आजची रात्र निघेल' असे म्हणण्यात अर्थ नाही. जो काल गोठला, तो आजही गोठेल.

निघण्यापूर्वीची व्यवस्था

वास्तविक हे सारे पुण्यात किंवा नागपुरात ठरते. समभाग मिश्रणाने भरलेल्या सहा लिटरच्या व्यवस्थेतून उन्हाळ्यात दोन लिटर गळून गेले आणि तेवढे साधे पाणी भरले, तर ग्लायकॉल ३३ टक्के उरते व गोठणबिंदू उणे १८ वर येतो. हीच गोष्ट आणखी एकदा घडली की तो उणे १० च्या आसपास येऊन ठेपतो. द्रवाचा रंग तरीही हिरवा किंवा गुलाबी दिसतच राहतो. रंग ही निर्मात्याने घातलेली खूण आहे. तिच्यावरून प्रमाण कळत नाही, आणि दोन कंपन्यांचा एकच रंग म्हणजे एकच रसायन असेही नाही. गंजरोधक घटक भिन्न असलेली शीतके एकत्र केल्यास ते घटक परस्परांना निष्प्रभ करू शकतात.

म्हणून मोजमाप करावे. घनतेवर चालणारा तरंगमापक स्वस्त आहे आणि एथिलीन ग्लायकॉलसाठी पुरेसा. प्रॉपिलीन ग्लायकॉलची घनता पाण्यापेक्षा अल्पच जास्त असल्याने तेथे तो फसतो. अपवर्तनमापकास एक थेंब पुरतो व त्याचे उत्तर अधिक भरवशाचे असते. महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अपवर्तनांकाचा प्रयोग दरवर्षी काचेच्या ठोकळ्यावर होतो. शिक्षकांच्या स्वतःच्या गाड्यांतील शीतकावर तो घेतल्यास विद्यार्थ्यांची उपस्थिती वाढेल, असे वाटते.

मिश्रण करताना पाणी बॅटरीसाठी मिळते तसे शुद्ध असावे. मराठवाडा व विदर्भातील कूपनलिकांचे कठीण पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोडते. त्यांचा थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतो. तयार मिश्रण विकत घेताना बाटलीवरील गोठणबिंदू वाचावा. मैदानी हवामानासाठी बनवलेल्या काही मिश्रणांत ग्लायकॉल पुरेसे नसते. नवे मिश्रण भरल्यावर इंजिन हीटरसह चालवून ते सर्वत्र फिरू द्यावे. ठोकळ्यात जुने पाणी आणि प्रसरण टाकीत नवे शीतक अशी स्थिती राहिली, तर टाकी तेवढी गोठणार नाही.

काढलेले जुने शीतक गटारात किंवा अंगणात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व अत्यंत विषारी आहे. शरीरात त्याचे ग्लायकॉलिक व ऑक्झॅलिक आम्लांत रूपांतर होते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. त्याचेच भावंड असलेल्या डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ ग्लिसरिनमध्ये झाल्याने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली होती. शीतकाची उरलेली बाटली शीतपेयाच्या बाटलीत ओतून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवण्याची सवय प्रवासात सर्रास आढळते. मुले सोबत असताना तरी ती मोडावी. कोणी ते प्याल्याची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण इथेनॉल व फोमेपिझोल हे दोन्ही उतारे विषाचे आम्लात रूपांतर होण्यापूर्वीच प्रभावी ठरतात. वापरलेले शीतक झाकणबंद डब्यात भरून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या सेवाकेंद्राकडे द्यावे.